साक्रीच्या पठारावर विंड लायडार: काय मोजतो, कुठे फसतो, विकत घ्यावा की भाड्याने आणावा

विंड लायडार म्हणजे जमिनीवर ठेवून लेसरचा किरण वर सोडणारी आणि त्यावरून उंचावरचा वारा मोजणारी पेटी. आधी निकाल सांगून टाकू, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. तापीच्या खोऱ्यातल्या सपाट शिवारात किंवा रुंद पठाराच्या मधोमध १०० मीटरच्या वरचा वारा मोजायचा असेल, तर जमिनीवर ठेवायचा विंड लायडार हे आज मिळणारं सगळ्यात कामाचं यंत्र आहे. पठाराच्या कड्यावर मात्र (आणि पवनचक्की उभारायची हौस नेमकी तिथेच जास्त असते) एकट्या लायडारच्या आकड्यांवर बँकेत कर्ज मागायला जाऊ नये. एक-दोन जागांसाठी यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही, वर्षभर भाड्याने आणावं. आता हे का, ते सविस्तर.

गरज कुठून आली हे थोडक्यात. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला ज्या जुन्या पवनचक्क्या दिसतात, त्यांचे पंखे जमिनीपासून साधारण ५० ते ८० मीटरवर फिरतात. तेव्हा तेवढ्या उंचीचा लोखंडी मनोरा उभारून, त्यावर वाट्यांचं अॅनिमोमीटर आणि दिशादर्शक व्हेन लावून काम भागायचं. आताच्या पवनचक्क्यांच्या पंख्याचा मध्य १२० ते १६० मीटरवर असतो. ८० मीटरला ६.५ मीटर प्रतिसेकंद वारा मोजला आणि १४० मीटरचा अंदाज सूत्राने काढला, तर उंचीनुसार वारा वाढण्याचा घातांक ०.१४ धरल्यास उत्तर ७.०३ येतं, ०.२५ धरल्यास ७.४८. फरक अर्ध्या मीटरचाही नाही. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनावर अवलंबून असते, त्यामुळे त्या दोन उत्तरांत ऊर्जेचा फरक वीस टक्क्यांचा पडतो. घातांक कोणता धरायचा यावर भांडत बसण्यापेक्षा १४० मीटरवर प्रत्यक्ष मोजणं शहाणपणाचं. तेवढा मनोरा उभारायचा म्हणजे चारी बाजूंना ताणाच्या तारा, त्यांचे पाये, आसपासच्या शेतकऱ्यांची संमती आणि वर चढून सेन्सर बदलणारा माणूस, हे सगळं आलं. लायडारचं वजन ४५ ते ५५ किलो. एक पिकअप, दोन माणसं आणि अर्धा दिवस पुरतो.

बाजारात मुख्यतः दोन जातींची यंत्रं आहेत. एक पल्स, म्हणजे प्रकाशाचे तुटक ठोके, मारणारी. मूळच्या फ्रेंच लिओस्फीअर कंपनीचं आणि २०१८ पासून फिनलंडच्या वायसालाकडे असलेलं विंडक्यूब हे त्यातलं प्रसिद्ध नाव. दुसरी अखंड किरण सोडणारी, त्यात ब्रिटिश झेडएक्स लायडार्सचं झेडएक्स ३००. दोन्हींचा लेसर १.५ ते १.६ मायक्रॉनच्या पट्ट्यातला, डोळ्यांना न दिसणारा. हा पट्टा निवडण्यामागे दोन कारणं आहेत. फायबर ऑप्टिक दूरसंचारामुळे या लांबीचे सुटे भाग मुबलक मिळतात, आणि १.४ मायक्रॉनच्या पुढचा प्रकाश डोळ्याच्या बाहुलीपुढच्या पारदर्शक भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ही यंत्रं लेसर-सुरक्षेच्या पहिल्या वर्गात बसतात. शेजारच्या वस्तीवर पोरांनी कुंपणावरून डोकावलं तरी काळजी नाही. कुंपण लागतं ते चोरीसाठी आणि बकऱ्यांसाठी.

यंत्र नेमकं मोजतं काय, हे समजल्याशिवाय त्याच्या चुका समजत नाहीत. लेसरचा किरण वर जातो. हवेच्या रेणूंवर आपटून तो विखुरतो, तसाच हवेत तरंगणाऱ्या धुळीवर, धुरावर, क्षारांच्या कणांवर आपटूनही विखुरतो. रेणूंचं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं; आकाश निळं दिसतं ते याच हिशेबाने. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरशी तुलना केली, तर १५४३ नॅनोमीटरला रेणूंकडून येणारा प्रकाश साधारण ७१ पटींनी कमी भरतो. म्हणजे विंड लायडारला रेणू जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात ते तरंगलांबीच्याच आसपासच्या आकाराचे कण, मायक्रॉनच्या दहाव्या भागापासून काही मायक्रॉनपर्यंतचे. हे कण इतके हलके की वाऱ्याबरोबर वाऱ्याच्याच वेगाने वाहतात. हे यंत्र वारा म्हणून जे सांगतं तो खरं तर धुळीचा वेग असतो.

रेणूंकडून मोजता येत नाही असं नाही. युरोपीय अवकाश संस्थेचा एओलस उपग्रह (२०१८ ते २०२३) ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील लेसरने रेणूंवरूनच वरच्या, स्वच्छ हवेतला वारा मोजत होता. पण रेणू स्वतःच्या उष्णतेनेच सेकंदाला चारशे-पाचशे मीटर वेगाने सैरावैरा धावत असतात, त्यामुळे परतलेल्या प्रकाशाची वारंवारता पसरट होते. त्यातून काही मीटर प्रतिसेकंदाचा वारा वेगळा काढायला भारी प्रकाशयंत्रणा लागते. पिकअपमधून नेण्याचं ते काम नव्हे.

धूलिकणावरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता डॉप्लर परिणामाने किंचित बदलते. सूत्र सोपं: बदल म्हणजे वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी. किरणाच्या दिशेत १ मीटर प्रतिसेकंद वेगाला १.३ मेगाहर्ट्झ. लेसरची स्वतःची वारंवारता १९४ टेराहर्ट्झ, म्हणजे पंधरा कोटीत एक भाग एवढा हा फरक. तो थेट मोजता येत नाही म्हणून परतलेला प्रकाश मूळ लेसरच्या थोड्याशा प्रकाशात मिसळतात आणि दोहोंचा ठोका डिटेक्टरवर ऐकतात. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की जी लाट ऐकू येते, तोच हा प्रकार.

परत येतं किती? दहा मायक्रोज्यूलच्या एका पल्समध्ये ७७ लाख कोटींच्या आसपास फोटॉन असतात. बऱ्यापैकी धूळ असलेल्या हवेत २०० मीटरवरून पाच सेंटिमीटरच्या भिंगात परत येतात ते ढोबळ हिशेबाने काही डझन. म्हणून हजारो पल्सची सरासरी घेतल्याशिवाय एक आकडाही मिळत नाही. आणि म्हणूनच हवेत धूळ किती आहे यावर यंत्राची सगळी मदार.

इथे खानदेशाची बाजू भक्कम आहे. फेब्रुवारीनंतर कपाशीच्या पऱ्हाट्या जळतात, मार्च ते मे माळरानं उघडी पडून वावटळी उठतात, दुपारी तापलेली हवा ती धूळ किलोमीटरभर उंच नेते. या महिन्यांत २०० मीटरपर्यंतचा डेटा जवळजवळ पूर्ण मिळायला हवा. यंत्र चालू असूनही नाही मिळाला तर दोष हवेत नाही, किरण जिथून बाहेर पडतो त्या काचेवर आहे. गंमत अशी की वरची धूळ यंत्राला हवी असते आणि काचेवरची तीच धूळ त्याला आंधळं करते.

काचेसाठी वायपर आणि पाण्याचा पंप दिलेला असतो. अडचण पाण्याची. विंधन विहिरीचं जड पाणी टाकीत भरलं की दोन आठवड्यांत काचेवर पांढरट क्षारांचा थर धरतो आणि वायपर तो घासून आणखी पसरवतो. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणीच वापरा, साक्री-पिंपळनेरला कुठल्याही बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. पंप चालतो की नाही हे दर भेटीत बघा. पाणी संपलं आणि वायपर कोरडाच फिरत राहिला, तर बारीक वाळूने काचेचा प्रतिबिंबरोधक लेप ओरखडला जातो आणि सिग्नल कायमचा घसरतो. ही दुरुस्ती शेतात होत नाही, यंत्र कारखान्यात जातं. वायपरचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं. मार्चअखेर आणि मे अखेर बदललेलं बरं. हाताने पुसायचं तर आधी भरपूर पाणी ओता, मग मायक्रोफायबर. गमछा नको.

पावसाळ्याचं गणित उलटं. जून ते ऑगस्ट हा इथला वाऱ्याचा खरा हंगाम, नैऋत्य मोसमी वारा पठारावरून रात्रंदिवस वाहतो. पण पाऊस हवा धुऊन काढतो, सर पडून गेल्यावर कणच उरत नाहीत आणि वरच्या उंचीचे आकडे गळू लागतात. शिवाय पठारावर ढग खाली उतरतो. पल्सवाल्या यंत्राचा किरण ढगात शिरला की तिथेच जिरतो, त्यावरचं काही दिसत नाही. अखंड किरणाच्या यंत्राची अडचण वेगळी. ते उंची ठरवतं फोकसने, वेळेने नाही. २०० मीटरवर फोकस असताना ६०० मीटरवरचा ढग एवढा प्रकाश परत पाठवतो की तो त्या आकड्यात मिसळतो. यासाठी यंत्र मुद्दाम एक मोजणी फार वर फोकस करून घेतं आणि ढगाचा हिस्सा वजा करतं. ते बहुतेक वेळा जमतं. ढग २०० मीटरच्या अगदी जवळ असेल तर कुठलीही वजाबाकी विश्वासाची नाही.

पाऊस चालू असताना आडवा वेग बऱ्यापैकी बरोबर येतो, कारण थेंबही वाऱ्याबरोबर आडवे वाहतात. उभा वेग मात्र थेंबांच्या पडण्याचा येतो: सेकंदाला चार ते नऊ मीटर खाली. तो स्तंभ पावसाच्या वेळी सरळ फेकून द्यावा. अहवालात जुलैची उभ्या वाऱ्याची सरासरी उणे दोन मीटर दिसली, तर ज्याने तो लिहिला त्याने डेटा गाळलेला नाही एवढं नक्की.

या गळतीत एक खोच आहे आणि ती बऱ्याच अहवालांत सापडत नाही. 'महिन्याचा ८५ टक्के डेटा मिळाला' असं लिहिलेलं असतं, उरलेला पंधरा टक्के कुठला हे नसतं. तो सरसकट गळत नाही. पावसाळ्यात गळतो तो सर येऊन गेल्यानंतरच्या स्वच्छ हवेतला, आणि ते तास वाऱ्याचेही असू शकतात. उन्हाळ्यात गळतो तो दुपारी एक ते पाच, उष्णतेने यंत्र बंद पडल्यामुळे. म्हणजे सरासरी एका बाजूला झुकते. उंचीवार आणि तासवार उपलब्धतेचा तक्ता मागा. १०० मीटरला ९५ टक्के आणि १६० मीटरला ७० टक्के असेल, तर त्या दोन सरासऱ्या शेजारी ठेवून उतार (उंचीनुसार वारा किती वाढतो तो) काढणं चूक आहे. दोन्ही उंचींवर एकाच वेळी आकडा असलेल्या दहा मिनिटांच्या नोंदीच घ्याव्या लागतात.

उष्णतेबद्दल. मॉडेलप्रमाणे माहितीपत्रकात कमाल ४५ किंवा ५० अंश लिहिलेलं असतं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि यंत्र काही सावलीत ठेवलेलं नसतं. वर छप्पर घालता येत नाही, किरण अडतो. उपाय म्हणजे दक्षिण आणि पश्चिम बाजूला हात-दीड हात अंतरावर पांढऱ्या पत्र्याची उभी ढाल, खालून-वरून हवा खेळती. यंत्राखाली काँक्रीट असेल तर त्याला चुना मारा. गोणपाट गुंडाळू नका, पंख्याची जाळी बंद होते. जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करायची, गांधीलमाश्या तिथे हमखास घर करतात. तापीकाठच्या जागेसाठी ५० अंशांचंच मॉडेल मागावं. साक्रीच्या उंचावर ४५ वालंही निभावतं, पण ढाल हवीच.

आता जमीन. काळ्या मातीत यंत्र ठेवायचं असेल तर तीन पायांखाली तीन फरशा ठेवून भागत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि जूनला समतल केलेलं यंत्र मार्चमध्ये दोन अंश कललेलं सापडतं. एक अंशाचा कल म्हणजे १० मीटरच्या वाऱ्यात ०.१७ मीटर प्रतिसेकंदाचा खोटा उभा वेग, आणि १०० मीटरवर समोरासमोरच्या दोन किरणांच्या उंचीत जवळजवळ दोन मीटरचा फरक. आडव्या वेगात ही चूक बरीचशी आपसांत कटते, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण कलाची नोंद यंत्र स्वतः ठेवतं, ती दर महिन्याला बघायला काय हरकत आहे? मुरूम लागेपर्यंत खोदून दीड बाय दीड मीटरचा काँक्रीट चौथरा टाकावा. पठारावर मुरूम वरच असतो, तिथे हे काम सोपं.

उत्तर दिशा ठरवताना होकायंत्र वापरू नका. इथला चुंबकीय विचलनाचा कोन एक अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे 'होकायंत्र पुरे' असा मोह होतो. पण पायाखाली बेसाल्ट आहे. त्यात लोहखनिज आहे, थंड होतानाचं चुंबकत्व त्याने धरून ठेवलेलं असतं, आणि धुळे-नंदुरबारच्या भूभागात तर बेसाल्टच्या उभ्या भिंतींसारखे डाइक जागोजागी उभे आहेत. त्यांच्या जवळ सुई काही अंश भरकटते, दहा पावलांवर वेगळंच दाखवते. त्यापेक्षा यंत्राची जागा आणि दोन-तीन किलोमीटरवरची ओळखीची खूण (पाण्याची टाकी, देवळाचा कळस, जुन्या पवनचक्कीचा खांब) यांचे जीपीएस अक्षांश-रेखांश घेऊन दिशा काढा आणि यंत्राच्या खुणेची रेघ त्यावर लावा. एका अंशात काम होतं.

अखंड किरणाच्या यंत्राला दिशेचा आणखी एक घोळ आहे. त्याला वारा येतोय की जातोय हे चिन्ह कळत नाही, फक्त आकार कळतो. म्हणून यंत्राच्या डोक्यावर एक छोटा दांडा आणि त्यावर वाऱ्याची दिशा सांगणारा सेन्सर असतो, त्यावरून उत्तरेचा की दक्षिणेचा हे ठरतं. शेजारी बाभूळ किंवा उंच कुंपण असलं, किंवा पहाटे वारा पडलेला असला, की निर्णय चुकतो आणि दिशेच्या आलेखात नेमकी १८० अंशांची उडी दिसते. वेगावर याचा परिणाम नाही. उड्या ओळखून उलट्या कराव्या लागतात, एवढंच. पल्सवाल्या यंत्रात वारंवारता मुद्दाम सरकवलेली असते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

उलट जमिनीजवळचा वारा हवा असेल तर अखंड किरणवालं सरस. ते १० मीटरपासून मोजतं, पल्सवालं साधारण ४० मीटरपासून. उंचीतला बारकावाही वेगळा: पल्स दीडशे ते दोनशे नॅनोसेकंदांची असेल, तर ती हवेचा २० ते ३० मीटर जाडीचा थर एकदम वाचते, मग उंची कोणतीही असो. फोकसवाल्याचा थर उंचीच्या वर्गाने वाढतो. १० मीटरवर काही सेंटिमीटर, १०० मीटरवर पंधरा मीटर, २०० मीटरवर साठ मीटर. १६० मीटरच्या पवनचक्कीसाठी आमचं मत पल्सच्या बाजूला झुकतं. शंभरच्या आतल्यासाठी दुसऱ्याच्या.

ब्राह्मणवेलच्या कड्यावर काय बिघडतं ते आता सांगायला हवं, कारण सगळ्या परीक्षणात हा भाग महत्त्वाचा. लायडार एका जागी मोजत नाही. उभ्या रेषेपासून २८ ते ३० अंश कललेले किरण चार दिशांना किंवा गोल फिरवून तो वारा मोजतो. १०० मीटर उंचीवर या वर्तुळाचा व्यास १०६ ते ११५ मीटर होतो. वर्तुळाच्या दोन्ही टोकांना वारा सारखाच आहे असं गृहीत धरून तो आडवा वेग काढतो. सपाट शिवारात हे खरं असतं. कड्यावर वारा पश्चिमेकडून चढ चढून येतो आणि माथ्यावरून खाली वळतो. पश्चिम टोकाला उभा वेग वर ०.२ मीटर, पूर्व टोकाला खाली ०.२ मीटर, एवढंच धरा. २८ अंशांच्या कोनाला हा ०.४ मीटरचा फरक आडव्या वेगात ०.३८ मीटरची तूट दाखवतो. खरा वारा ८ असेल तर यंत्र ७.६२ सांगतं. पावणेपाच टक्के कमी. ऊर्जेत तेरा टक्के कमी. दरीत किंवा दोन टेकड्यांच्या खिंडीत चिन्ह उलटं होतं आणि यंत्र जास्त सांगतं, ते तर अधिक महागात पडतं.

यात यंत्राचा दोष नाही, भूमितीचा आहे. कोन लहान केला तर चूक कमी होत नाही. विक्रेता 'सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती आहे' म्हणतो, तेही खोटं नाही: भूभागाचं मॉडेल घेऊन संगणकावर हवेचा प्रवाह सोडवतात आणि दिशावार गुणक काढतात. पण तो गुणक मॉडेलचा, मोजलेला नव्हे. भूभागाचा नकाशा ढोबळ असला आणि कडा त्यात गुळगुळीत झाला, तर दुरुस्तीही गुळगुळीतच होणार. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१४००-१२-१ च्या २०१७ च्या आवृत्तीने पवनचक्कीच्या चाचणीसाठी जमिनीवरचा लायडार मान्य केला, तो सपाट भूभागापुरताच. कड्यापासून मागे, रुंद पठाराच्या मध्यात सरकून मोजा. कड्यावरच मोजायचं असेल तर ६०-८० मीटरचा साधा मनोरा सोबत हवा. मनोरा खालचा आकडा पक्का करतो, लायडार वरचा उतार देतो, आणि दोघांच्या सामाईक उंचीवरून कळतं की दुरुस्ती खरी की भास.

जुन्या पवनचक्क्यांच्या रांगेजवळ यंत्र ठेवत असाल तर पंख्याच्या व्यासाच्या दहापट अंतर ठेवा. ८२ मीटरच्या पंख्याला साधारण ८०० मीटर. त्याहून जवळ त्यांच्या मागचा कापलेला वाराच मोजला जातो. झाडांसाठी नियम सोपा: झाडाची उंची त्याच्या अंतराच्या पावणेदोनपटीहून कमी असली की किरण मोकळा.

वीज ही रोजची डोकेदुखी. यंत्राची भूक ४५ ते ७० वॅट. ४५ वॅटला दिवसाला १,०८० वॅट-तास, १२ व्होल्टवर ९० अँपिअर-तास. तीन ढगाळ दिवस काढायचे आणि शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याहून खाली उतरू द्यायची नाही, तर ५४० अँपिअर-तास. ७० वॅटला हाच हिशेब ८४० वर जातो. सौर पॅनेल पावसाळ्याच्या तीन तासांच्या उन्हावर आणि सत्तर टक्के कार्यक्षमतेवर मोजा: लहान यंत्राला ५१५ वॅट, मोठ्याला ८००. भाड्याच्या संचात बहुधा उन्हाळ्याच्या हिशेबाचे पॅनेल येतात आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, वारा ऐन भरात असताना, यंत्र झोपतं. पॅनेल दक्षिणेकडे २१ अंशांत, पण उचलून नेता येणार नाहीत असे बोल्ट मारून. शेतातल्या पंपाच्या लाइनवर विसंबू नका, अनेक ठिकाणी आठच तासांची वीज आणि तीही पुष्कळदा रात्री-अपरात्री. केबल लोखंडी पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत.

डेटाबाबत एकच गोष्ट, पण ती न पाहिल्याने आठवडे वाया जातात. यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर असतं, मनोऱ्याचा लॉगर भारतीय वेळेवर. साडेपाच तास जोडणं सोपं आहे. पण एकाची दहा मिनिटांची नोंद सुरुवातीच्या वेळेने लिहिलेली असते, दुसऱ्याची शेवटच्या. एका नोंदीची ही घसरण राहिली तर दोन्ही आलेख डोळ्यांना सारखे दिसतात आणि सहसंबंध मात्र विनाकारण पडतो. एक घर पुढे-मागे सरकवून पाहा, कुठे सगळ्यात घट्ट बसतं ते लगेच कळेल. सिग्नलची मर्यादा (त्याहून कमकुवत नोंद यंत्र टाकून देतं) पल्सवाल्यात उणे २३ डेसिबलच्या आसपास ठेवलेली असते. उपलब्धता जास्त दिसावी म्हणून ती कोणी खाली ओढली नाही ना, हे सेटिंगच्या फाइलमध्ये बघून घ्या.

आता हवेतली खळबळ, म्हणजे टर्ब्युलन्स. पवनचक्कीचा वर्ग त्यावर ठरतो आणि विक्रेते लायडारच्या अहवालात ती छापतातही. लायडार शंभर मीटरच्या वर्तुळाची आणि वीस मीटर जाडीच्या थराची सरासरी देतो, त्यामुळे लहान झोत पुसले जातात आणि किरण वेगवेगळ्या जागी असल्याने काही झोत वाढवूनही दिसतात. वाटीच्या अॅनिमोमीटरचा आकडा आणि हा आकडा एक नव्हे. त्यावर पवनचक्की निवडू नये.

भाड्याने घेताना चार कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिला, याच अनुक्रमांकाच्या यंत्राची मनोऱ्याशेजारी केलेली तपासणी: ४ ते १६ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात दोघांच्या आकड्यांतून काढलेल्या रेषेचा उतार ०.९८ ते १.०२ आणि सहसंबंधाचा वर्ग ०.९८ च्या वर. 'याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्राची' चालत नाही. दुसरा, ती तपासणी कधीची, आणि त्यानंतर यंत्र उघडलं होतं का. तिसरा, मागच्या भाडेकरूकडच्या शेवटच्या महिन्याचा सिग्नल. उन्हाळ्यात तो पडलेला असेल तर काच ओरखडलेली आहे. चौथा, बंद पडल्यास किती दिवसांत माणूस येईल आणि त्या दिवसांचं भाडं कापलं जाईल का. दुरुस्ती परदेशात होते, बदली यंत्र मिळणार नसेल तर वर्षभराचा करार हंगाम बुडवू शकतो.

यंत्र मेच्या पहिल्या आठवड्यात बसवा. पाऊस लागायच्या आत चार आठवडे हातात राहतात. धुळीच्या हवेत सिग्नल भरपूर असतो, त्यामुळे कल, दिशा, घड्याळ, वीज यांतली जी चूक असेल ती तेव्हाच उघडी पडते. परत देताना काचेचा जवळून फोटो आणि शेवटच्या कोरड्या दिवसाची २०० मीटरची उपलब्धता लिहून सही घ्या. अनामत तिथेच अडकते.